कार्ड टेबलावर चालतं, मळ्यात बंद पडतं: स्ट्रेस टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिककडच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत स्टार्टर, ड्रिप कंट्रोलर, चार्जर, सेन्सर बनवणारे छोटे कारखाने बरेच आहेत. डिझाइन घरचं, असेंब्ली घरची किंवा जॉबवर्कला दिलेली, आणि टेस्टिंग म्हणजे सप्लाय देऊन रिले वाजतो का ते बघणं. माल जातो दिंडोरी, निफाड, चांदवड, मालेगावच्या मळ्यांत. तिथून तो परत येऊ लागला की मग फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी मोटारीचा मोबाईल स्टार्टर (फोनवरून पंप चालू-बंद करणारी पेटी) घेतला आहे. त्यात एसएमपीएस (लाईनचं व्होल्टेज कार्डाला लागेल तेवढं करून देणारा सप्लाय), रिले, मोडेम, प्रोसेसर सगळं एकाच पेटीत येतं, आणि तो बिघडला तर ऐन पाण्याच्या पाळीला कुणाची तरी बाग ताणावर जाते.

हाल्ट (हायली ॲक्सिलरेटेड लाइफ टेस्ट) म्हणजे काय? आम्ही करतो त्या टेस्टिंगपेक्षा ती वेगळी कशी?

नेहमीच्या टेस्टिंगमध्ये आपण माल स्पेसिफिकेशनच्या आत ठेवतो. ० ते ५० अंश लिहिलं असेल तर ५० अंशांवर काही तास चालवतो, चालला की सही करून पुढे. यातून एवढंच कळतं की त्या नगात त्या दिवशी काही दिसलं नाही. सगळ्यात कच्ची जागा कोणती आणि तिच्यापासून आपण किती लांब आहोत, हे कळत नाही.

हाल्टमध्ये ताण पायरीपायरीने वाढवत नेतात. आधी माल काम करायचा थांबतो. ताण कमी केला की परत सुरू होतो. त्या जागेला चालू राहण्याची मर्यादा म्हणतात. आणखी पुढे गेलं की तो कायमचा जातो. ती तुटण्याची मर्यादा. प्रत्येक वेळी काय गेलं, का गेलं ते शोधायचं, तिथे दुरुस्ती करायची आणि पुन्हा पुढे जायचं. हाल्ट आणि तिची जोडीदार हास (रोजच्या उत्पादनाची तशीच तपासणी, ती पुढे येते) ही दोन्ही नावं अमेरिकन अभियंते ग्रेग हॉब्ज यांची. १९८८ पासून ती वापरात आली. वेगवान चाचण्यांच्या पद्धतींसाठी आयईसी ६२५०६ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

टेबलावर नीट चालणारं कार्ड मळ्यात का जातं?

कारण टेबलावर ज्या गोष्टी नसतात त्या सगळ्या मळ्यात एकत्र असतात. एप्रिल-मे मध्ये मालेगाव, येवल्याकडे हवा ४० च्या वर असते आणि उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत आतलं तापमान ६०-६५ पर्यंत सहज जातं. त्याच तालुक्यांच्या शेजारी निफाडला जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पेटीच्या केबल एंट्रीतून मुंग्या, पाली आणि ओलसर धूळ आत जाते.

आणि लाईट. शेतीला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे स्टार्टर रोज पूर्ण थंड होतो आणि रोज पूर्ण तापतो. लाईट येते तेव्हा डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, व्होल्टेज खाली बसतं, मग उसळतं. न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टसाठी बनवलेल्या एसएमपीएसवर ४०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. वळवाच्या पावसात विजेचे फटके वेगळेच. कार्डावरची एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा पार्ट) प्रत्येक फटक्यात थोडी झिजते आणि एक दिवस शॉर्ट होऊन स्वतःसोबत ट्रॅकही घेऊन जाते.

यातला कुठलाही एक ताण एकेकटा घेतला तर कार्ड सहन करतं. तीन एकत्र आले की कच्ची जागा उघडी पडते. स्ट्रेस टेस्टिंगमध्ये ताण एकत्र देण्यावर इतका भर असतो तो यामुळेच.

हाल्टमध्ये नेमकं काय काय करतात?

यासाठीचा चेंबर साध्या चेंबरपेक्षा वेगळा असतो. गार करायला लिक्विड नायट्रोजन वापरतात, त्यामुळे तापमान मिनिटाला ४० ते ६० अंशांनी बदलता येतं. खालच्या टेबलाला हवेच्या दाबावर चालणारे हातोडे असतात. ते टेबलाला सगळ्या दिशांनी, आडवं-उभं आणि फिरवून, एकाच वेळी हादरे देतात. हादऱ्यांचं मोजमाप जी-आरएमएसमध्ये होतं, म्हणजे हादरा गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी किती पट आहे त्यात.

क्रम साधारण ठरलेला आहे: ज्यात नग मोडण्याची शक्यता कमी, ते आधी. म्हणून सुरुवात थंडीने. २० अंशांपासून १०-१० अंशांनी खाली. कार्डाचं स्वतःचं तापमान स्थिर झालं की १०-१५ मिनिटं थांबायचं, सप्लाय बंद-चालू करायचा, सगळी कामं करून घ्यायची, सप्लायचं व्होल्टेज कमी-जास्त करून बघायचं. मग तसंच गरम बाजूला. त्यानंतर थंड-गरम वेगाने चारपाच फेऱ्या. मग हादरे, ५-५ जी-आरएमएसच्या पायऱ्यांनी. शेवटी हादरे आणि तापमान एकत्र. एका प्रॉडक्टला तीन ते पाच दिवस आणि तीन ते सहा नग लागतात.

स्टार्टरवर हे करताना दिसणारा एक बिघाड जवळून बघण्यासारखा आहे. कार्ड उणे २० वर आहे. रिले उचलतो, एलईडी लागते, सगळं ठीक. पण मेसेज पाठवायला सांगितलं की मोडेम रिसेट होतो, आणि हे दर वेळी होतं. टू-जी मोडेम पाठवताना ५७७ मायक्रोसेकंदांच्या झटक्यांत २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. स्कोप लावला की प्रत्येक झटक्याला मोडेमचं व्होल्टेज खोल खाली जाताना दिसतं. सप्लायवरचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गारठला आहे. आतलं द्रव घट्ट होऊन त्याचा अंतर्गत रोध कित्येक पट वाढला आहे, त्यामुळे तो झटक्याला करंट पुरवू शकत नाही. तिथे पॉलिमर कॅपॅसिटर बसवला, कारण त्याचा रोध थंडीत फारसा बदलत नाही, आणि मोडेमला चिकटून सिरॅमिक दिले, तर तेच कार्ड आणखी बरेच अंश खाली जातं. मग पुढची कच्ची जागा समोर येते. हे चक्र असंच चालू ठेवायचं.

आमचा माल उणे २० ला कधीच जाणार नाही. तिथे तो बंद पडला तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि हाल्टवरचा बहुतेक अविश्वास इथूनच येतो. उत्तर वरच्याच कॅपॅसिटरमध्ये आहे.

नवा कॅपॅसिटर उणे २० ला जितका अशक्त होतो, तितकाच अशक्त तो चारपाच उन्हाळे पेटीत शिजल्यावर ५ अंशांना होऊ शकतो, कारण त्यातलं द्रव हळूहळू उडून जातं. म्हणजे आज चेंबरमध्ये उणे २० ला दिसलेला रिसेट हा काही वर्षांनी निफाडला पहाटे होणारा रिसेट आहे. शेतकरी सांगतो, ‘सकाळी लागत नाही, ऊन पडलं की लागतं.’ दुकानदार म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम. कार्ड परत येतं, आपल्या टेबलावर २८ अंशांना व्यवस्थित चालतं, आपण ‘दोष आढळला नाही’ लिहून परत पाठवतो.

म्हणून हाल्टमध्ये ‘हे तापमान प्रत्यक्षात येईल का’ असं विचारायचं नाही. ‘हा बिघाड प्रत्यक्षात येईल का’ असं विचारायचं. काही बिघाड खरोखर येणार नसतात. १०० अंशांच्या आसपास एबीएसची पेटी मऊ पडली किंवा १८३ अंशांना शिश्याचं सोल्डर वितळलं, तर ती त्या मटेरियलचीच हद्द झाली, तिथे थांबायचं. पण ‘आपल्याकडे असं होत नाही’ हे कारण शोधल्यानंतरच म्हणायचं.

हादऱ्यांचं काय? स्टार्टर तर भिंतीला टांगलेला असतो.

भिंतीपर्यंत तो पिकअपमधून जातो, कच्च्या रस्त्याने. शिवाय त्याच पेटीत कॉन्टॅक्टर (मोटारीला लाईन जोडणारा मोठा स्विच) असतो आणि तो प्रत्येक वेळी आपटतो.

हादऱ्यांत बहुधा तीन गोष्टी आधी जातात: उंच कॅपॅसिटरचे पाय, जड रिले आणि छोटा ट्रान्सफॉर्मर. रिलेच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाखाली पाय जरासा हलवला की चीर उघडते-मिटते. साध्या डोळ्यांना सांधा चकचकीत आणि चांगला दिसतो. चेंबरमध्ये हा दोष पकडायची युक्ती म्हणजे जोरदार हादऱ्यांनंतर हादरे अगदी हलके करून कार्ड चालवायचं. जोरात असताना चीर कधी कधी संपर्क धरून ठेवते, हलक्या थरथरीत ती सोडते. उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतात: कॅपॅसिटरच्या बुडाशी सिलिकॉन, सिंगल साइड बोर्डाऐवजी प्लेटेड होल, कार्डाच्या मध्यभागी एक जास्तीचा स्क्रू.

हाल्टवरून माल किती वर्षं टिकेल हे सांगता येईल का?

नाही. हाल्टमध्ये एकाच वेळी इतके ताण आणि इतक्या वेगाने दिलेले असतात की त्यावरून वर्षांचा हिशेब निघत नाही. तसा आकडा कुणी काढून देत असेल तर तो घेऊ नका. आयुष्याच्या अंदाजासाठी वेगळी चाचणी असते. तिथे एकच बिघाड डोळ्यासमोर ठेवून, मोजका ताण वाढवून, बरेच तास नग चालवतात आणि गणिताने सामान्य वापरापर्यंत परत येतात. पुढचे काही प्रश्न त्याबद्दल आहेत.

८५ अंशांना १००० तास चालवलं, म्हणजे किती वर्षं?

तापमानाने होणाऱ्या झिजेसाठी अर्हेनियसचं समीकरण वापरतात. त्यात ‘सक्रियण ऊर्जा’ नावाचा एक आकडा घालावा लागतो. तो बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असतो आणि इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. समजा ती ०.७ आहे, प्रत्यक्ष वापर ४० अंशांना आणि चाचणी ८५ अंशांना. मग वेग सुमारे २६ पट होतो. १००० तास म्हणजे २६००० तास, जवळजवळ ३ वर्षं.

आता तोच हिशेब ०.४ ने करा. वेग साडेसहा पटीच्या आत येतो. त्याच १००० तासांची आता ९ महिनेसुद्धा भरत नाहीत. चाचणी तीच, चेंबर तोच, बदलला फक्त एक गृहीत आकडा. म्हणून कुणी ‘आम्ही १० वर्षांची टेस्ट केली’ म्हटलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या बिघाडासाठी, आणि सक्रियण ऊर्जा किती धरली? दोन-तीन वेगवेगळ्या तापमानांना नग चालवले तर हा आकडा स्वतः मोजता येतो. वेळ लागतो, पण मग तो आकडा आपला असतो.

‘१० अंश कमी तर आयुष्य दुप्पट’ हा नियम खरा का?

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरसाठी तो कामचलाऊ म्हणून चांगला आहे. १०५ अंश, २००० तास असं छापलेला कॅपॅसिटर ६५ अंशांना चालला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२००० तास. सतत चालू असेल तर साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. तोच कॅपॅसिटर ५००० तासांचा घेतला तर हिशेब अडीच पट होतो आणि किमतीतला फरक फारसा नसतो. बिल ऑफ मटेरियलवर पैसे वाचवताना ही एक ओळ सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकीच्या पार्ट्सना हा नियम डोळे मिटून लावू नका.

सोल्डरचे सांधे तापमानापेक्षा तापण्या-थंडावण्याने जातात असं म्हणतात. ते कसं?

बोर्ड, पार्ट आणि सोल्डर तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि ती ओढाताण सांध्याला सोसावी लागते. इथे किती तापलं यापेक्षा किती अंशांचा चढउतार झाला आणि किती वेळा, हे महत्त्वाचं. त्यासाठी कॉफिन-मॅन्सनचा संबंध वापरतात: चढउताराच्या गुणोत्तराचा घात. सोल्डरसाठी तो घात २ च्या आसपास किंवा थोडा वर धरतात.

समजा उन्हातल्या पेटीत दिवस-रात्रीचा फरक ३५ अंश आहे. चेंबरमध्ये उणे ४० ते ८५, म्हणजे १२५ अंशांचा फरक दिला. घात २ धरला तर चेंबरमधली एक फेरी मळ्यातल्या सुमारे १३ दिवसांची. १० वर्षांचे ३६५० दिवस म्हणजे २८५ च्या आसपास फेऱ्या. दोन तासांची एक फेरी धरली तर जेमतेम २४ दिवसांचं काम. प्रत्यक्षात फेरीचा वेग आणि वरच्या टोकाला थांबण्याचा वेळ यांनीही उत्तर बदलतं, म्हणून हा पहिला अंदाज समजा.

ओलाव्याची चाचणी कशी करतात?

जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, कार्डाला सप्लाय देऊन. घाई असेल तर दाबाच्या भांड्यात १३० अंश आणि ८५ टक्क्यांवर ९६ तास; तिला हास्ट म्हणतात. ती मुख्यतः आयसीसारख्या पार्ट्ससाठी आहे, पूर्ण कार्डावरची प्लास्टिकं १३० अंश सोसत नाहीत.

आपल्याकडच्या कार्डांत ओलाव्याचा बिघाड बहुतेकदा फ्लक्समुळे होतो. हाताने सोल्डर केलेल्या जागी फ्लक्स नीट धुतला जात नाही. पावसाळ्यात त्यावर ओल धरते, जवळजवळच्या दोन ट्रॅकमध्ये गळती सुरू होते, आणि व्होल्टेज असेल तर धातूची बारीक झाडासारखी वाढ एका ट्रॅककडून दुसऱ्याकडे सरकते. न धुतलेल्या बोर्डावर लॅकर मारलं तर ही घाण आत कोंडली जाते. आधी धुणं, वाळवणं, मग कोटिंग.

द्राक्षबागेत गंधक मारतात. त्याचा इलेक्ट्रॉनिक्सवर काही परिणाम होतो का?

होतो, आणि नाशिकच्या उत्पादकांनी हा प्रश्न बाकी कुणापेक्षा जास्त विचारायला हवा. भुरीसाठी गंधकाची फवारणी आणि धुरळणी बागेत वरचेवर होते. पेटी बांधावर किंवा बागेच्या कडेलाच असते. गंधकाची वाफ चांदीला खाते आणि काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. साध्या चिप रेझिस्टरच्या टोकांखाली चांदीचा थर असतो. कोटिंगच्या कडेच्या फटीतून गंधक आत शिरलं की तो थर हळूहळू सल्फाइड होतो, रोध वाढत जातो आणि शेवटी रेझिस्टर ओपन होतो. बाहेरून तो जवळजवळ नव्यासारखाच दिसतो; भिंगाखाली टोकाच्या कडेला काळपट रेघ दिसली तर दिसली. रिलेच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवरही काळा थर धरतो आणि लहान करंटचे सिग्नल अडतात.

इथे एक सावधगिरी. सिलिकॉनच्या कोटिंगमधून गंधकाची वाफ आत जाते, म्हणून ‘कोटिंग आहे, काळजी नाही’ असं समजू नका. गंधकाला दाद न देणारे रेझिस्टर बाजारात मिळतात. निदान व्होल्टेज मोजणाऱ्या डिव्हायडरमध्ये तरी ते वापरा. तिथे रोध सरकला की स्टार्टर चुकीचं व्होल्टेज वाचतो आणि मोटार विनाकारण ट्रिप करतो, किंवा ट्रिप करायची तेव्हा करत नाही. चाचणीसाठी बंद भांड्यात गंधकाची पूड, ठरावीक उष्णता आणि ओलावा ठेवून त्यात नग टांगतात. एएसटीएम बी ८०९ ही मूळ पद्धत धातूच्या मुलाम्यासाठी आहे. रेझिस्टर बनवणारे तिचेच बदललेले प्रकार वापरतात.

डेटाशीटवर एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १ लाख तास आहे. म्हणजे ११ वर्षं टिकेल ना?

असा त्याचा अर्थ होत नाही. बिघाडाचा दर कायम सारखा धरला तर १ लाख तास एमटीबीएफ म्हणजे सतत चालणाऱ्या १०० नगांतले ८ पहिल्याच वर्षी जातील. आणि १ लाख तास पूर्ण होईपर्यंत ६३ टक्के गेलेले असतील. त्यात झीज धरलेली नसते, असेंब्लीतला ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) तर नाहीच. पार्ट मोजून एमटीबीएफ काढण्याचं अमेरिकन लष्करी हँडबुक २१७ अजून टेंडरमध्ये मागतात. त्यातले आकडे १९९० च्या दशकात शेवटचे सुधारले गेले. टेंडरला हवा तर द्या. त्यावर वॉरंटीचा निर्णय घेऊ नका.

चाचणीला किती नग ठेवायचे?

हाल्टला तीन ते सहा पुरतात, कारण तिथे आपण डिझाइनची कच्ची जागा शोधतो आणि ती सगळ्या नगांत सारखीच असते. काही सिद्ध करायचं असेल तर मात्र गणित कडक आहे. ‘९० टक्के नग टिकतील’ हे ९० टक्के खात्रीने म्हणायचं असेल तर पूर्ण आयुष्याएवढी चाचणी २२ नगांवर करावी लागते आणि त्यातला एकही जाता कामा नये. तेवढ्याच खात्रीने ‘९५ टक्के नग टिकतील’ म्हणायला ४५ नग. ५ नग पास झाले म्हणून लॉट चांगला, असं म्हणायला आधार नाही.

हास म्हणजे काय? आम्ही रात्रभर बर्न-इन करतो, ते पुरत नाही का?

हाल्ट डिझाइनसाठी आणि हास रोजच्या उत्पादनासाठी. डिझाइन चांगलं असलं तरी एखाद्या दिवशी सोल्डर बाथचं तापमान घसरतं, नवा मुलगा लाइनवर असतो, पार्टचा लॉट बदलतो. असे दोष माल बाहेर पडायच्या आत उघडे करायचे.

बर्न-इनमध्ये कार्ड एका ठरावीक गरम तापमानाला रात्रभर चालतं. त्यात कच्चा सेमीकंडक्टर सापडू शकतो, पण ड्राय सोल्डर, अर्धवट बसलेला कनेक्टर, चिरलेला सिरॅमिक कॅपॅसिटर बहुधा सुटतो. ते हलवल्याने आणि तापवून-गारवून सापडतात. हासमध्ये हाल्टने दाखवलेल्या मर्यादांच्या आत राहून तापमानाचे वेगवान फेरे आणि हादरे देतात. हादरे बहुधा तुटण्याच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून आधी हाल्ट न करता हास लावता येत नाही: आत म्हणजे किती आत, हे माहीतच नसतं.

पण अशाने चांगल्या मालाचं आयुष्य खर्च होत नाही का?

थोडं होतं, आणि किती होतं ते मोजल्याशिवाय हास सुरू करू नये. मोजायची रीत सरळ आहे. चांगले नग घ्या आणि तोच हास त्यांच्यावर २०-३० वेळा चालवा. २० फेऱ्यांनंतरही सगळे ठणठणीत असतील तर एका फेरीत आयुष्याचा विसावा भागसुद्धा जात नाही. नग आधीच पडू लागले तर ताण कमी करा. दुसऱ्या बाजूने, मुद्दाम ड्राय सोल्डर केलेले आणि पार्ट सैल ठेवलेले काही नग त्यात टाका. हासने ते पकडले नाहीत तर ताण कमी पडतो आहे. उत्पादन स्थिर झालं की प्रत्येक नगाऐवजी लॉटमधले काही नग तपासले तरी चालतं.

हाल्ट चेंबर आमच्या आवाक्यात नाही. मग काय करायचं?

चेंबर भाड्याने मिळतो आणि काही दिवसांचंच काम असतं. पर्यावरण चाचण्यांसाठी अंधेरीची सरकारी ईआरटीएल प्रयोगशाळा आणि वाहनांच्या भागांसाठी पुण्याची एआरएआय ही जवळची मोठी ठिकाणं. जाण्याआधी हाल्टची सोय आहे का आणि कार्ड चालू ठेवून मोजता येतं का, हे विचारून घ्या.

पण त्याआधी कारखान्यातच बरंच करता येतं, आणि ते न करता भाड्याच्या चेंबरवर जाणं म्हणजे पैसे वाया. डिमरस्टॅट (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून सप्लाय १५० पासून ४४० व्होल्टपर्यंत हळूहळू फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी बंद-चालू करा; ४४० साठी आउटपुट तेवढा देणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. हे करताना समोर काच किंवा ॲक्रिलिक ठेवा आणि जवळ कुणी वाकू नये, कॅपॅसिटर फुटतो. हीट गनने एकेक भाग तापवा, फ्रीझ स्प्रेने एकेक पार्ट गार करा. कोणत्या पार्टवर कार्ड चळतं ते लगेच कळतं. प्लास्टिकच्या दांडीने चालू कार्डावर ठोका. डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० पर्यंत जाता येतं. बाहेर काढताना दव धरतं, म्हणून कार्ड पिशवीत बंद करून काढा आणि वाळल्यावरच सप्लाय द्या.

भाड्याच्या चेंबरवर जाताना कार्डाची सगळी कामं आपोआप तपासणारी जोडणी आधीच तयार ठेवा. नायट्रोजन वाया घालवत मल्टिमीटर शोधणारे लोक तिथे नेहमी दिसतात. थर्मोकपल हवेत लटकवू नका, पार्टवरच चिकटवा. ओव्हर-टेम्परेचरचं संरक्षण बंद करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, नाहीतर कार्ड स्वतःच बंद होईल आणि पुढचं काही दिसणार नाही. आणि खोलीत ऑक्सिजन मॉनिटर चालू आहे का ते बघितल्याशिवाय लिक्विड नायट्रोजनजवळ थांबू नका. नायट्रोजनला वास नसतो आणि माणूस न कळत बेशुद्ध होतो.

हाल्ट झाल्यावर सर्टिफिकेट मिळतं का?

हाल्टमध्ये पास-नापास नसतं, त्यामुळे त्या अर्थाचं सर्टिफिकेटही नसतं. मिळतो तो रिपोर्ट: कोणत्या पायरीला काय गेलं, कारण काय निघालं, काय बदललं आणि बदलल्यानंतर मर्यादा किती सरकली. ज्या रिपोर्टमध्ये ‘काहीही बिघाड झाला नाही’ एवढंच लिहिलं असेल, ती चाचणी अर्धवट सोडली आहे असं धरा.

चाचणी केव्हा करायची?

पहिला चालणारा प्रोटोटाइप हातात आला की. साचा बनला, बोर्डाचा मोठा लॉट मागवला, पॅकिंगवर ० ते ५० अंश छापून झालं, की मग सापडलेली कच्ची जागा कुणालाच नको असते आणि ‘तसं प्रत्यक्षात होत नाही’ हे उत्तर सगळ्यांना पटू लागतं. बोर्डात बदल झाला, पार्टचा मेक बदलला किंवा जॉबवर्कवाला बदलला, तर छोटी हाल्ट पुन्हा करा.

आमच्याकडे परत आलेल्या कार्डांचा ढीग आहे. त्याचं काही करता येईल?

तो ढीग दुरुस्तीला देऊ नका. मळ्यात खरोखर काय होतं याचा तुमच्याकडचा तो सगळ्यात खरा पुरावा आहे, आणि दुरुस्तीवाला पहिल्यांदा ब्रश घेऊन तो धुऊन टाकतो. कार्ड आलं तसं, धूळ-मुंग्यांसकट, पिशवीत ठेवा. वर तीन गोष्टी लिहा: कोणत्या गावी, केव्हा बसवलं, केव्हा गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा. ‘सकाळी लागत नाही’ यात जेवढी माहिती आहे तेवढी ‘डेड’ या शब्दात नाही.

बसवल्यापासून किती महिन्यांनी गेलं, त्यावर वायबुलचा आलेख (बिघाडाचा दर काळानुसार वाढतो की घटतो ते दाखवणारा) काढता येतो. त्याचा उतार १ पेक्षा कमी आला तर दोष असेंब्लीत आहे आणि हासने तो पकडता येईल. १ च्या जवळ असेल तर बाहेरचे फटके, म्हणजे सर्ज आणि न्यूट्रल, तपासा. १ च्या बराच वर असेल तर झीज आहे: कॅपॅसिटर, सोल्डर, रिलेचे कॉन्टॅक्ट. पाच-सात कार्डांवरसुद्धा दिशा कळते. मग त्यातली दोन चालणारी कार्डं, ज्यांच्यावर ‘दोष आढळला नाही’ लिहिलं होतं ती, फ्रीझरमध्ये ५ अंशांपर्यंत गार करा आणि मेसेज पाठवून बघा.